अकरा नंबरचा डबा

मुरुड
५ फेब्रुवारी २०२५

मामा, जय भीम.

आई म्हणाली, जया नक्की काय काम करते असं तुम्ही तिला तीनदा विचारलंत आणि तिने तिन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं. म्हणून मीच लिहिते. एकतीस वर्षं लाँचच्या इंजिनाशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मेसेज वाचायला मामी तिचा फोन देत नाही, हेही आईने सांगितलं. पत्र जलीलभाईंकडे देते आहे. लाँचवर तिकिटं फाडता फाडता ते दिघीला तुमच्या हातात देतील. मधे फक्त खाडी आहे.

काम असं. अगरदांडा आणि मुरुडच्या मधल्या टेकडीवर एक मनोरंजन पार्क आहे. त्यात आकाशपाळणा आहे. उंची अठ्ठावीस मीटर, डबे वीस, एका फेरीला तीन मिनिटं. डिप्लोमाच्या जोरावर तो मी चालवते. रोज सकाळी तीन फेऱ्या रिकाम्या, दोन वाळूच्या पिशव्या भरून आणि एक माणूस बसवून. मग लोक. प्रत्येक डब्याची कडी मी हाताने ओढून बघते, नुसती डोळ्यांनी नाही. उंचीची पट्टी लावून लहान मुलांना परत पाठवते. त्यांचे आईवडील माझ्याशी भांडतात, मुलं भांडत नाहीत.

काम सीझनपुरतं आहे, दिवाळी ते मे. पावसात डबे उतरवून शेडमध्ये ठेवतात आणि आम्हाला घरी पाठवतात. या वर्षी मात्र देखभालीची एक कायम जागा निघाली आहे. पाळणा बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर एप्रिलच्या सुरुवातीला येऊन परीक्षा घेतील. ती जागा मला हवी आहे. नाही मिळाली तर जूनपासून माणगावला आईच्या ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं ठरलेलं आहे. ठरवलेलं मी नाही.

जया


दिघी
८ फेब्रुवारी

जया बाय, जय भीम.

पाळणा फिरवायला डिप्लोमा लागतो हे आज कळलं. आमच्या वेळी जत्रेत पाळणेवाला लुंगी वर खोचून हाताने फिरवायचा, तोंडात बिडी. गिऱ्हाईक रडायला लागलं की थांबवायचा. त्याला काय पट्टी न्हवती आणि कडी पन न्हवती.

मस्करी केली. तुझ्या मामीला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणते पोरीने एकदा तरी विचारायचं, मामी कशी हायस. पुढच्या पत्रात विचार, न्हायतर माझं जेवण बिघडेल.

एक सांगतो. मी रोज सकाळी पहिली लाँच सुटायच्या आधी रिकामी लाँच खाडीच्या मधापर्यंत नेऊन परत आणायचो. कोणी सांगितलं न्हवतं. ज्याचं इंजिन त्याने आधी त्यात बसायचं, मग दुसऱ्याला बसवायचं. तूही तसंच करत असशील.

मी मजेत. दर शुक्रवारी लाँचने पलीकडे जातो, अगरदांड्याला टपरीसमोरच्या निळ्या बाकावर जलीलबरोबर चहा घेतो, परत येतो. लाँचवर फुकट बसवतात. जुना मानूस म्हणून.

तुझा मामा
धर्माजी


मुरुड
२० फेब्रुवारी

मामा, जय भीम.

मामी कशी आहे?

एक तांत्रिक प्रश्न आहे. गेल्या सोमवारपासून पाळण्यात एक ठोका येतो. कानाला ऐकू येत नाही, शेजारी फैझानचं जहाज चालू असतं. फैझान मुरुडचाच, झुलणारं मोठं जहाज चालवतो, आणि त्यात बसलेल्यांपेक्षा तोच जास्त ओरडतो. पण जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला की ठोका हाताला लागतो. फेरीत एकदाच. मी चाळीस फेऱ्या मोजल्या. दर वेळी अकरा नंबरचा डबा अगदी वर असतो.

अकरा वर असताना एक नंबर तळाला असतो. म्हणजे दोष दोघांपैकी कुठेही असू शकतो. एक नंबर मी पूर्ण तपासला, त्यात काही नाही.

अझहर सर आमचे मॅनेजर. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एक ठोका ना? घड्याळात दिवसभर असतो, म्हणून आपण घड्याळ बंद करतो का?" मी म्हटलं, घड्याळात चार माणसं बसवत नाहीत. त्यांना ते आवडलं नाही. पण त्यांनी अकरा नंबर बंद ठेवायला परवानगी दिली, इंजिनिअर येईपर्यंत. इंजिनिअरना त्यात काही सापडलं नाही, तर ऐन गर्दीत सहा-सात रविवार एक डबा उगाच बंद ठेवला याचं उत्तर मी द्यायचं. डब्यावर मी पाटी लावली आहे. फैझानने त्याखाली खडूने लिहिलं, "तब्येत बरी नाही."

तुम्ही इंजिनाचे ठोके कसे ओळखत होता?

जया


दिघी
२४ फेब्रुवारी

जया बाय, जय भीम.

मामी बरी हाय. तू विचारलंस म्हणून तिने तुझ्यासाठी कैरीचं लोणचं भरलंय. जलीलकडे देतो. त्याने वाटेत उघडलं तर कळव.

आता ठोक्याचं. कान माझे बाविसाव्या वर्षीच अर्धे गेले होते. बाकीची वर्षं मी इंजिन पायाने ऐकलं. चप्पल काढायची, इंजिनाशेजारच्या पत्र्यावर अनवाणी उभं राहायचं. ठोका टाचेला लागला तर खालचं काम, बोटांना लागला तर वरचं. डाव्या पायाला आधी लागला तर डावीकडे बघायचं. हे कुठल्या पुस्तकात असेल तर मला दाखव.

तू हात लावलास ते बरोबर केलंस, पन कठडा लांब पडतो. डब्यातच बसून बघायला पाहिजे. अकरा नंबरमध्ये बस आणि सांग, वर पोचल्यावर ठोका पाठीला लागतो की पायाला? त्याच्या आधी डबा हलतो की मागून? वर वारा कुठल्या अंगाने येतो?

माझा शुक्रवार नेहमीसारखा. निळा बाक, जलील, चहा.

धर्माजी


मुरुड
६ मार्च

मामा, जय भीम.

लोणचं पोचलं. बरणी उघडलेली नव्हती. जलीलभाईंचे रोजे चालू आहेत, त्यामुळे ते निर्दोष आहेत.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. ठोका पाठीला लागतो की पायाला: फैझान म्हणतो, कशालाच लागत नाही. डबा आधी हलतो का: खालून पाहिलं तर हलताना दिसत नाही. वारा: पार्कच्या झेंड्यावरून दुपारी पश्चिमेचा.

फैझान रोज सकाळी चाचणीच्या शेवटच्या फेरीत वर बसतो. मी बटणांच्या पॅनलवर असते, कारण पॅनलवर कुणीतरी हवंच. रोज्यातही तो बसतो, वर हवा छान लागते म्हणतो. वरून त्याचं घर दिसतं, आणि आईने चादरी वाळत घातल्या की नाही ते तो मला ओरडून सांगतो. त्याचं निरीक्षण फक्त चादरींपुरतं चांगलं आहे.

परीक्षेची तारीख आली, ३ एप्रिल. सकाळी पॅनल, मग कड्या आणि ब्रेक. शेवटी इंजिनिअर सांगतील त्या डब्यात त्यांच्याबरोबर बसून तीन फेऱ्या, आणि जे जाणवेल ते त्यांना सांगायचं. पॅनल आणि ब्रेक मला येतं.

तुम्ही एकदा येऊन अकरा नंबरला पाय लावून बघाल का? शुक्रवारी अगरदांड्याला येताच. तिथून पार्क रिक्षाने दहा मिनिटं आहे. चहा झाल्यावर या.

जया


दिघी
१० मार्च

जया बाय, जय भीम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग मागची दोन काढून वाचली. मामी म्हणाली, काय परीक्षेचा अभ्यास चाललाय का.

एक ध्यानात आलं. तू कडी कशी ओढतेस ते लिहिलंस, कठड्याला हात कसा लावतेस ते लिहिलंस, चाळीस फेऱ्या मोजल्यास. वरून काय दिसतं ते मात्र फैझानच्या चादरीतून लिहिलंस. वारा झेंड्यावरून सांगितलास. सगळं खालून लिहिलंयस बाय. पाळण्याचा चार महिन्यांचा ड्रायव्हर असून तू वर एकदाही गेलेली न्हाईस. बरोबर की चूक, तेवढंच कळव.

यायचं म्हणतेस तर गुडघा धरलाय. शुक्रवारी कसाबसा पलीकडे गेलो, निळ्या बाकावर बसलो, जलीलबरोबर चहा घेतला, लगेच परत आलो. टेकडी चढवनार न्हाय.

धर्माजी


मुरुड
१२ मार्च

मामा, जय भीम.

बरोबर.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं होतं. सहाव्या पायरीनंतर माझे हात शिडीवरून सुटेनात. दोन जणांनी एकेक बोट सोडवून मला उतरवलं. तेव्हापासून मी जमिनीवरून करता येईल ते सगळं काम चांगलं करते. हे आईला माहीत नाही. फैझानलाही नाही, त्याला वाटतं मी त्याच्यावर मेहेरबानी करते.

आता तुमचं. शुक्रवार होता ७ मार्च. रमजानचा सहावा रोजा. जलीलभाई दुपारी तुमच्याबरोबर चहा प्यायले, असं तुम्ही लिहिलंय. आणि अगरदांड्याच्या टपरीसमोर निळा बाक नाही. मागच्या पावसाळ्यात तो मोडला, तेव्हापासून तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. जलीलभाईंना पत्र द्यायला मी तिथेच जाते. गुडघ्याचं तुम्ही ८ फेब्रुवारीला काही लिहिलं नव्हतं, २४ लाही नाही.

म्हणजे मागच्या पावसाळ्यापासून तुम्ही खाडी ओलांडलेली नाही. बरोबर की चूक, तेवढंच कळवा.

जया


मुरुड
१९ मार्च

मामा,

उत्तर आलं नाही. जलीलभाईंना विचारलं, मामांना बरं आहे ना. ते म्हणाले, "बेटी, मी पत्र पोचवतो, बातम्या नाही." मग पुढे म्हणाले, "जेटीवर येतो तुझा मामा. रोज येतो. दोरी बांधायची गाठ चुकली म्हणून पोरांना शिव्या देतो. पण लाँचवर पाय ठेवत नाही. मी सांगितलं असं सांगू नको." मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आहे, शेवटच्या वाक्यासह.

माझं मागचं पत्र कडक होतं. त्यातली माहिती बरोबर होती, म्हणून ते परत घेत नाही. पण मी ते त्याच दिवशी लिहायला नको होतं. एक दिवस थांबायला हवं होतं.

परीक्षेला पंधरा दिवस आहेत. काल फैझानला खाली उभं करून मी एक नंबरच्या डब्यात बसले. डबा जमिनीपासून दोन मीटर वर गेला. मी पाळणा थांबवायला सांगितला.

जया


दिघी
२६ मार्च

जया बाय, जय भीम.

बरोबर.

मागच्या ऑगस्टात डॉक्टर म्हणाला, कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं, तेही आता गेलं. मला वाटलं, डॉक्टरला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी लाँचवर चढलो. मधोमध पोचलो आणि सगळं फिरलं. मी पडलो. मासे घेऊन चाललेल्या दोन बायांनी मला धरलं. एक म्हणाली, "बाबाला बोट लागली गं, लिंबू द्या कोनीतरी." ती नवीन होती, तिला माहीत न्हवतं मी कोन ते. लिंबू हातात घेऊन मी माझ्याच इंजिनाशेजारी बसून राहिलो. एकतीस वर्षं ज्याने लोकांना पलीकडे नेलं, त्याला बोट लागली. जलील सोडून कुनाला ठाऊक न्हवतं. मामीला वाटायचं मी शुक्रवारी जातो. मी जेटीमागच्या देवळाजवळ तास दीड तास बसून परत यायचो.

तुला उत्तर द्यायला चौदा दिवस लागले, कारन आधी मामीला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तुझ्या शर्टाला चहाचा डाग कधी पडत न्हवता.

आता तुझं बघ. उंची डोळ्यातून आत येते. तू डोळे मिट. चप्पल काढ, दोन्ही पाय डब्याच्या तळाला सपाट लाव आणि फक्त ठोक्याची वाट बघ. तुला चाळीस फेऱ्या मोजता येतात, म्हनजे एक ठोका धरता येईल. काम हातात असलं की भीतीला बसायला जागा न्हाय मिळत. म्हनजे मिळते, पन अंग चोरून बसते.

तू बसलीस तर मी काय करीन ते आत्ता लिहीत न्हाय. लिहिलं आणि झालं न्हाय, तर तू तारीख काढून दाखवशील.

धर्माजी


मुरुड
५ एप्रिल

मामा, जय भीम.

घडलं त्या क्रमाने लिहिते.

परवा पॅनल आणि ब्रेक व्यवस्थित झाले. मग इंजिनिअरनी विचारलं, कुठला डबा. मी म्हटलं, अकरा. अझहर सर मागे उभे होते, ते म्हणाले, "तब्येत बरी नाही त्याची." सगळे हसले. फैझान पॅनलवर गेला. जाताना त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला कळलं असावं.

मी चपला काढल्या. इंजिनिअरनी विचारलं, चपला का? मी म्हटलं, ऐकायला.

पहिल्या फेरीत मी डोळे मिटले होते. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला होता, इतका की अंगठीचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला. माझे पाय थरथरत होते, त्यामुळे ठोका कुठला आणि मी कुठली ते वेगळं करता आलं नाही. इंजिनिअर म्हणाले, काही जाणवलं नाही. मी म्हटलं, मलाही नाही, अजून दोन फेऱ्या आहेत.

दुसऱ्या फेरीत मी पाय दाबून ठेवले आणि सेकंद मोजले. तळापासून वरपर्यंत नव्वद. एकोणनव्वदाव्या सेकंदाला ठोका आला. डाव्या पायाच्या बोटांना आधी, लगेच मागून डाव्या खांद्याला. टाचेला काहीच नाही. मी सांगितलं, वरचं काम आहे, डावी बाजू, डबा ज्या खिळीवर लटकतो तिथे. ते म्हणाले, मला काही लागलं नाही. मी म्हटलं, तुमच्या पायात बूट आहेत.

मामा, त्यांनी बूट काढले. मोजेही. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तिसऱ्या फेरीत आम्ही दोघं अनवाणी, पाय सपाट लावून बसलो होतो. खालून ते कसं दिसलं असेल, ते फैझान आता भेटेल त्याला करून दाखवतो. वर पोचलो आणि इंजिनिअरनी नुसतं बोट वर केलं, डावीकडे.

दुपारी डबा उतरवला. डाव्या खिळीभोवतीचं पितळी कडं एका बाजूने दीड मिलीमीटर झिजलेलं. ते हातात घेऊन इंजिनिअर अझहर सरांना म्हणाले, डबा बंद कुणी ठेवला? सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला म्हणाले, "घड्याळ वेळेवर उघडलं म्हणायचं." सर एवढंच बोलतात.

जागा मला मिळाली. १ जूनपासून. पावसात वीसही डबे शेडमध्ये असतील आणि प्रत्येकाच्या दोन्ही खिळी मी तपासणार आहे. म्हणजे चाळीस.

तिसऱ्या फेरीत ठोका गेल्यावर मी डोळे उघडले. सात-आठ सेकंद. वारा डावीकडून होता. फैझानच्या आईने चादरी घातल्या होत्या. तुमचं घर मला ओळखता आलं नाही, आलं असतं तर लिहिलं असतं. खाडी पूर्ण दिसली. लाँच अगदी मधोमध होती. तुम्ही पडलात ती जागा तीच असेल, असं वाटलं. वरून बघितलं तर तिथून दोन्ही काठ सारखेच जवळ आहेत.

आजही सकाळच्या चाचणीत मी वर बसले. ज्याचं इंजिन त्याने आधी. हे मी तुमच्याकडून घेतलं आहे.

मामीला सांगा, लोणचं संपलं.

जया


अगरदांडा
शुक्रवार, ११ एप्रिल

जया बाय, जय भीम.

हे पत्र जलीलने दिघीहून आणलेलं न्हाय. मी इथेच बसून लिहितोय. रिक्षावाल्याकडे देतोय, तो म्हणाला पाळणेवाल्या मॅडमला कोन ओळखत न्हाय?

चप्पल हातात घेऊन लाँचवर चढलो. इंजिनाशेजारी पत्र्यावर बसलो, उभा राहिलो न्हाय. दोन्ही पाय सपाट लावले, डोळे मिटले. पाय बोलायला लागले तेव्हा डोकं फिरायचं थोडं थांबलं. मधोमध एकदा फिरलं. मामीने लिंबू दिलं होतं, ते खिशातच राहिलं. इंजिनात डावीकडे एक बारीक ठोका हाय. उतरताना पोराला सांगितलं, तर तो म्हणतो, "बाबा, तुम्हाला ऐकू येत न्हाय ना?" त्याला मी चप्पल काढायला लावली.

खुर्च्या लाल हायत. तू रंग लिहिला न्हवतास. माझ्या खुर्चीचा मागचा उजवा पाय हलतो.

जलील समोर बसलाय, त्याने दोन चहा सांगितले. ईद होऊन अकरा दिवस झाले, तारीख काढून बघ.

तुझी ड्यूटी सुटली की रिक्षा पाठव. तुझ्या पाटीवर लिहिलेलं असेलच, चक्कर येनाऱ्यांनी बसू नये. मी बसनार न्हाय, तू बसवूही नकोस. तू वर जा, मी खाली कठड्यापाशी अनवाणी उभा राहतो. ठोका आला तर मी हात वर करीन. न्हाय आला तर तू वरून सांग, आमच्या घरावर मामीने काय वाळत घातलंय.

शर्टावर चहा सांडलाय. मुद्दाम पुसला न्हाय. मामीला दाखवायचाय.

धर्माजी